कसारा घाटात मोटरहोम तापते ती नेमकी कशामुळे

मोटरहोम भाड्याने घेऊन कोकणात चार दिवस फिरून यायचं याचं आता नाशिककरांना फार नवल राहिलेलं नाही, राज्य सरकारने २०२१ ला कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणसुद्धा आणलं. जाताना सगळे खुशीत असतात, येताना कसारा घाट लागला की ड्रायव्हर सोडून बाकीचे गप्पा मारतात आणि ड्रायव्हरची नजर टेंपरेचरच्या काट्यावर.

जरा हिशोब करू. ट्रॅव्हलरसारख्या गाडीवर बेड, ओटा, फ्रिज, बॅटऱ्या, टाकी, माणसं आणि सासूबाईंनी दिलेलं सामान असं सगळं चढवलं की वजन ४ टन धरायला हरकत नाही. कसारा ते इगतपुरी उंचीचा फरक साधारण ३०० मीटर, तर ४ टन वजन तेवढं वर उचलायला जवळपास १२ मेगाज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर डिझेलमध्ये ३६ मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा असते आणि त्यातला ढोबळमानाने तिसरा हिस्सा कामी येतो, म्हणजे एवढं धूड सह्याद्रीवर चढवायचा जादा खर्च किती, तर फक्त एक लिटर डिझेल! बाकी जे जळतं ते सपाट रस्त्यावरही जळलंच असतं. समृद्धीच्या बोगद्यातून आलात तरी कोकणातून इगतपुरीची उंची गाठायचीच आहे, त्यामुळे हा लिटर काही वाचत नाही, फक्त चढ सौम्य असल्याने इंजिनाला तो सावकाश खर्च करता येतो.

खरी भानगड या सावकाशपणातच आहे. १०० मीटरला ६ मीटर असा चढ धरा (शेजारून जाणारी रेल्वे १०० ला पावणेतीनच्या आतच चढते, १ इन ३७, आणि तेवढ्यासाठी तिला कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात). या चढावर ताशी ४० ने जायला नुसतं वजन उचलण्यासाठी ३५ हॉर्सपॉवर लागतात, टायर आणि हवेचं धरून ४५ पर्यंत जातं. ताशी ८० करायला गेलात तर उचलण्याचेच ७०, शिवाय मोटरहोमचं तोंड म्हणजे सपाट भिंत आणि वेग दुप्पट झाला की हवेला रेटायची पॉवर आठपट, त्यामुळे एकूण ११५ च्या घरात. तेवढीच या गाड्यांची साधारण पूर्ण ताकद असते. म्हणजे तुम्ही पाय दाबून इंजिन पुरतं पिळताय.

आता चाकापर्यंत एक हिस्सा पोचला तर दोन हिस्से उष्णता झाली, त्यातली साधारण निम्मी सायलेन्सरमधून जाते आणि निम्मी कूलंटमधून, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यातून, रेडिएटरला येते. हायवेला समोरून वारा असतो. घाटात कंटेनरच्या मागे २० ने रांगताना वारा नाही, वरून त्याचा गरम धूर, सगळी भिस्त फॅनवर.

म्हणून गियर महत्त्वाचा. पुष्कळ जण आवाज नको म्हणून चौथ्यातच रेटतात, गाडी गुदमरायला लागते, स्टिअरिंग थरथरतं, तरी खाली टाकत नाहीत. बहुतेक गाड्यांत पाण्याचा पंप इंजिनावरच फिरतो, पुष्कळ डिझेल गाड्यांत फॅनसुद्धा, आरपीएम पडले की थंड करणारी यंत्रणाच मंदावते आणि टर्बोलाही पुरेशी हवा ढकलता येत नाही. चढ दिसताच तिसरा किंवा दुसरा टाका. इंजिन ओरडेल, ओरडू द्या. मधेच फॅनचा घुर्र आवाज एकदम वाढला तर घाबरू नका, फॅनचा क्लच पकडलाय, तो त्याचं काम करतोय.

तरी काटा चढलाच तर एसी बंद. एसीचा कंडेन्सर बहुतेक रेडिएटरच्या पुढ्यातच असतो, म्हणजे आतली उष्णता आपण आधी रेडिएटरच्या तोंडावर फेकतो आणि कॉम्प्रेसर इंजिनाची ताकद खातो ते वेगळंच. पुढची पायरी म्हणजे हीटर फुल्ल. मे महिन्यात हे सांगितलं तर घरचे वेड्यात काढतील, पण हीटरच्या आत कूलंटचाच एक छोटा रेडिएटर असतो, तेवढी उष्णता इंजिनातून निघून आपल्या पायाशी येते. खिडक्या उघडा आणि सोसा.

घाटाआधी पाण्याची टाकी रिकामी करायचा सल्ला मात्र मला फार पटत नाही. १०० लिटर पाणी ३०० मीटर वर न्यायला डिझेल लागतं २५ मिली, दोन-पाच चमचे. गाडी मुळात ठरलेल्या वजनापेक्षा जास्त भरली असेल तर गोष्ट वेगळी, पण मग पाण्याआधी सामान काढा.

वर घाटनदेवीला सगळेच थांबतात. थांबल्या थांबल्या किल्ली फिरवू नका, इंजिन बंद केलं की पंपही थांबतो आणि तापलेल्या हेडमधलं कूलंट जागच्या जागी उकळायला लागतं, टर्बोतलं तेलही करपतं. दोन-तीन मिनिटं आयडलला राहू द्या, काटा खाली येतो. रेडिएटरचं झाकण तर गार होईपर्यंत अजिबात उघडायचं नाही, आत कुकरसारखं प्रेशर असतं, त्या प्रेशरमुळेच १०० अंशांच्या वर गेलेलं कूलंट उकळायचं थांबलेलं असतं आणि झाकण सैल केलं की त्यातलं काही एका क्षणात वाफ होतं आणि उकळत्या कूलंटसकट तोंडावर येतं.

परत मुंबईकडे उतरताना तेच १२ मेगाज्यूल उष्णता बनून बाहेर पडतात, साधारण ४० लिटर पाणी उकळी फुटेपर्यंत तापेल इतके, आणि त्यातले जेवढे इंजिनाने अडवले नाहीत ते ब्रेकच्या अंगावर, तेव्हा ज्या गियरवर चढलात त्याच गियरवर उतरा.