ग्वाल्हेरचा मध्य नेमका कोठे?

भूखंडविक्रीच्या जाहिरातींत 'शहराच्या मध्यापासून अवघ्या 15 मिनिटांवर' हे वाक्य हमखास आढळते. ग्वाल्हेरच्या लष्कर या भागात राहणारे आम्ही ते वाचून मनातल्या मनात तेथील महाराज बाडा या चौकापासूनचे अंतर मोजतो, तर शहराच्याच मुरार या भागाचा रहिवासी तेथील सदर बाजारापासून मोजतो, आणि दोघांचीही उत्तरे आपापल्या परीने बरोबर असतात.

शहर एका केंद्राभोवती कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे वाढते, ही कल्पना अर्नेस्ट बर्जेस या समाजशास्त्रज्ञाने 1925 मध्ये शिकागो शहराच्या अभ्यासातून मांडली. पापुद्रे का पडतात, याचा उलगडा मात्र जमिनीच्या भावाकडे पाहिल्यावर होतो. योहान फॉन थ्यूनेन या जर्मन जमीनदाराने 1826 मध्ये शेतजमिनीविषयी केलेला विचार विल्यम अलोन्सो यांनी 1964 मध्ये शहराला लावला, आणि मला तो या विषयातील सर्वांत सुंदर विचार वाटतो.

जमिनीच्या प्रत्येक तुकड्याचा लिलाव चालू आहे, असे समजा. साडीच्या दुकानाचे गिऱ्हाईक बाजारपेठेपासून थोडे दूर जाताच झपाट्याने घटते, म्हणून दुकानदाराची बोली मध्यभागी सर्वांत चढी असते आणि बाहेर तितक्याच वेगाने कोसळते; गोदामवाल्याची बोली मुळात कमी असली तरी ती हळूहळू उतरते. ज्याचा उतार तीव्र, तो मध्य जिंकतो. राहत्या घरांचा उतार काढण्याचे गणितही सोपे आहे: एक किलोमीटर बाहेर गेल्याने वाढणारा प्रवासखर्च भागिले घराचे क्षेत्रफळ. केवळ उदाहरणादाखल, 500 चौरस फुटांत राहणाऱ्या कुटुंबाचा प्रवासखर्च दर किलोमीटरमागे महिना 500 रुपयांनी वाढत असेल, तर बाहेर जाण्यात तोटा होऊ नये म्हणून भाडे दर किलोमीटरला चौरस फुटामागे 1 रुपयाने उतरले पाहिजे. ज्याला 2000 चौरस फूट हवे आहेत आणि ज्याच्या वेळेची किंमत अधिक असल्याने हा खर्च 1000 रुपयांनी वाढतो, त्याला 50 पैशांची उतरंडही पुरते. म्हणून वेळ अधिक मोलाचा असूनही ऐसपैस घर हवे असणारा बाहेर सरकतो, आणि कमी उत्पन्नाची कुटुंबे शहरातील महागड्या जमिनीवर दाटीवाटीने राहतात. (दक्षिणमुखी भूखंड काही लोक अशुभ मानतात, आणि या समजुतीपायी बोली खरोखरच कमी लागते, पण तो परिणाम घेणाऱ्याच्या भीतीचा आहे, दिशेचा नव्हे.)

हे गणित एकच केंद्र गृहीत धरते, आणि ग्वाल्हेर नेमके तेथे अडते. सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या डोंगरावर किल्ला, त्याच्या पूर्व पायथ्याशी जुने शहर. दक्षिणेला दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये दिलेल्या तळातून वाढलेले लष्कर. आणि पूर्वेला इंग्रजांची छावणी असलेले मुरार, जे किल्ल्यासह 1886 मध्ये झाशीच्या मोबदल्यात शिंद्यांना परत मिळाले. लष्कर, कंपू, शिंदे की छावनी ही नावे आजही फौजेच्याच भाषेत बोलतात. पगार घेणारी फौज एका जागी स्थिरावली, की तिच्यामागे वाणी, सराफ, शिंपी आणि सावकार येतात. लष्करात सरदारांचे वाडे आणि सराफा शेजारी शेजारी उभे राहिले, ते याच क्रमाने. चाउन्सी हॅरिस आणि एडवर्ड उलमन यांनी 1945 मध्ये मांडलेली अनेक केंद्रांची कल्पना येथे बर्जेसच्या वर्तुळांपेक्षा कितीतरी चपखल बसते. भावाचा नकाशा एका शिखराचा न राहता अनेक शिखरांचा होतो, त्यांच्यामधील दरीत रेल्वे स्थानकासारखी नवी टेकडी उगवते, आणि किल्ल्याचा डोंगर आडवा आल्यामुळे सरळ रेषेतले अंतर फारसे कामाचे उरत नाही, कारण बोली लावणारा प्रत्यक्ष रस्त्याचे अंतर मोजतो.

नवे शिखर केवळ आखणीने उभे राहते का, याचे उत्तर शहराच्या पश्चिमेला पाहता येते. दिल्लीवरील ताण हलका करण्यासाठी ग्वाल्हेरची प्रति-आकर्षण केंद्र, म्हणजे दिल्लीकडे जाणारी माणसे आपल्याकडे वळवणारे शहर, म्हणून निवड झाली आणि 1992 मध्ये स्थापन झालेल्या विशेष क्षेत्र प्राधिकरणाने, म्हणजे येथील लोकांच्या तोंडी इंग्रजी आद्याक्षरांनी रुळलेल्या 'साडा'ने, नव्या नगराची आखणी केली. तीन दशके उलटूनही अपेक्षित वस्ती तेथे झालेली नाही. त्या काळात लोकांची कामे आणि खरेदी बव्हंशी जुन्याच केंद्रांत राहिली, त्यामुळे तेथे घर घेणाऱ्याच्या हिशेबात रोजची फेरी पहिल्या दिवसापासून जमा होत गेली आणि त्याची बोली तितकीच खाली राहिली.