मदतीची हाक (रुग्णशुश्रूषा)

रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णाची प्रकृती एकाएकी खालावू लागली असता त्याच्याजवळच्या परिचारिकेने ज्येष्ठ सहकाऱ्याला, डॉक्टरला किंवा आपत्कालीन पथकाला तातडीने बोलावणे, म्हणजे मदतीची हाक. शुश्रूषेच्या कामात ही कृती वरवर सर्वांत सोपी वाटते, पण उशीर बहुधा इथेच होतो.

‘एकाएकी’ हा शब्द थोडा फसवा आहे. अमेरिकेत १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रुग्णालयात असताना हृदयक्रिया बंद पडलेल्या ६४ रुग्णांची कागदपत्रे तपासली गेली. त्यांतील ८४ टक्के रुग्णांच्या बाबतीत आधीच्या ८ तासांतच प्रकृती ढासळल्याच्या खुणा किंवा नव्या तक्रारी नोंदलेल्या होत्या. म्हणजे रुग्णाचे शरीर सूचना देत होते आणि ती कोणीतरी लिहूनही ठेवली होती. या खुणांपैकी श्वसनाचा वेग बहुधा लवकर बदलतो, आणि नेमका तोच सर्वांत कमी काळजीने मोजला जातो. नाडी आणि रक्तदाब यंत्र दाखवते. श्वास मात्र छातीकडे पाहत मिनिटभर मोजावे लागतात, त्यामुळे घाईच्या पाळीत तक्त्यावर ओळीने १८ किंवा २० हेच आकडे पडलेले दिसतात.

ही चिन्हे एकत्रित वाचता यावीत म्हणून पूर्वसूचना गुणांकन वापरतात. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेल्या आणि २०१७ मध्ये सुधारलेल्या ‘न्यूज’ (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर) या पद्धतीत श्वसनगती, ऑक्सिजन संपृक्तता (रक्तातील ऑक्सिजनचे टक्केवारीतले प्रमाण), वरचा रक्तदाब, नाडी, शुद्धीची पातळी आणि तापमान यांना गुण दिले जातात. रुग्णाला बाहेरून ऑक्सिजन चालू असल्यास आणखी २ गुण मिळतात. बेरीज ५ झाली की तातडीने तपासणी व्हावी आणि ७ किंवा अधिक झाली की आणीबाणी समजावी, असा संकेत आहे. गुण वाढले म्हणून नोंदी अधिक वेळा घेत राहणे आणि प्रत्यक्ष कोणाला बोलावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली केल्याने दुसरीही झाली असा भास सहज होतो. उलटपक्षी, आकडे ठीक असतानाही ‘हा रुग्ण सकाळसारखा दिसत नाही’ असे अनुभवी परिचारिकेला जाणवते. ही जाणीव हवेतली नसते : त्वचेचा बदललेला रंग, वाढलेली अस्वस्थता, तुटक उत्तरे अशा बारकाव्यांतून ती तयार होते. म्हणूनच अनेक रुग्णालयांत नुसती काळजी वाटणे हेही पथक बोलावण्यास पुरेसे कारण धरतात.

तरीही हाक अडते. अडवणाऱ्या गोष्टी वैद्यकीय ज्ञानाच्या कमी आणि माणसामाणसांतल्या अधिक असतात. मागच्या वेळी ‘एवढ्यासाठी उठवलंत?’ असे ऐकून घेतलेली परिचारिका पुढच्या वेळी आणखी एक रक्तदाब घेऊन पाहते. नव्याने रुजू झालेलीला आपले अज्ञान उघडे पडेल असे वाटते, तर जुनीला ‘हे मला सांभाळता यायला हवे’ असे वाटते. शिवाय रुग्ण ज्या डॉक्टरांचा, त्यांना वगळून परस्पर पथक बोलावणे हा त्यांचा अवमान ठरेल ही भीती असते. कनिष्ठाने वरिष्ठाला आणि वरिष्ठाने त्याहून वरिष्ठाला विचारायचे या उतरंडीत मोलाचे तास जातात. सिडनीच्या लिव्हरपूल रुग्णालयात १९९० मध्ये केन हिलमन आणि सहकाऱ्यांनी वैद्यकीय आपत्कालीन पथक सुरू केले, ते हीच उतरंड ओलांडण्यासाठी : ठरलेले निकष दिसले की परिचारिका थेट पथकाला बोलावू शकते, वरिष्ठाच्या परवानगीची गरज नाही.

मात्र पथक नेमले म्हणजे ते बोलावले जाईलच असे नाही. ऑस्ट्रेलियातील २३ रुग्णालयांत झालेल्या ‘मेरिट’ चाचणीत, जिचे निष्कर्ष २००५ मध्ये आले, पथकामुळे आपत्कालीन बोलावणी वाढली. पण हृदयक्रिया बंद पडणे, अनपेक्षित मृत्यू आणि अतिदक्षता विभागात अचानक हलवावे लागणे यांच्या एकत्रित प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. निकष पूर्ण होऊनही अनेक रुग्णांसाठी पथकाला बोलावलेच गेले नव्हते.

हाक कोणत्या शब्दांत दिली जाते यावरही प्रतिसाद ठरतो. ‘पेशंट जरा बरा वाटत नाही, बघून जाता का?’ या प्रश्नाला रात्री ‘सलाईन चालू ठेवा, सकाळी बघू’ हे उत्तर मिळू शकते. असे होऊ नये म्हणून अमेरिकी नौदलाच्या आण्विक पाणबुड्यांतून वैद्यकीय क्षेत्रात आलेली ‘एसबार’ पद्धत शिकवतात. परिस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन आणि मागणी असा तिचा क्रम आहे. उदाहरणार्थ : ‘डॉक्टर, १२ नंबरच्या पेशंटचा श्वास मिनिटाला २८ झाला आहे आणि ऑक्सिजन देऊनही संपृक्तता ९० आहे. परवा पोटाचे ऑपरेशन झाले आहे. मला फुफ्फुसाचा त्रास वाटतो. तुम्ही दहा मिनिटांत येऊन पाहावे.’ शेवटचे वाक्य सर्वांत कठीण, कारण ते विनंतीपेक्षा मागणीच्या जवळ जाते.

इंग्लंडमध्ये २०२४ पासून टप्प्याटप्प्याने लागू होत असलेल्या ‘मार्था नियमा’त रुग्ण, नातेवाईक आणि कर्मचारी या सर्वांना दिवसरात्र वेगळ्या पथकाकडून फेरतपासणी मागता येते. मदत पोहोचेपर्यंत परिचारिका रुग्णापाशीच थांबते, श्वासमार्ग मोकळा ठेवते, ठरल्याप्रमाणे ऑक्सिजन देते, आपत्कालीन साहित्याची ट्रॉली जवळ आणवून घेते आणि कोणाला किती वाजता कळवले ते लिहून ठेवते. ठरलेल्या वेळेत कोणी आले नाही, तर पुढच्या पायरीवरील व्यक्तीला बोलावते.