पावसाळ्यात वाकलेला क्यू

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, कुडाळला आम्ही पूल हा बिलियर्ड्ससारखा खेळ खेळतो त्या टेबलावर मी माझा क्यू, म्हणजे चेंडू मारायची लाकडी काठी, आडवा ठेवला आणि तळहाताने लोटून दिला. क्यू सरळ आहे की नाही ते बघायची ही जुनी युक्ती. पुढचा भाग, म्हणजे शाफ्ट, टोकाकडे निमुळता होत गेल्यामुळे लाकूड आणि कापड यांच्यात थोडी फट दिसतेच; पण क्यू घरंगळताना ती सारखी राहायला हवी. माझ्या क्यूखालची फट उघडत होती, मिटत होती. मे महिन्यात चार हजारांना घेतलेला क्यू दोन महिन्यांच्या पावसात वाकला होता.

दुसऱ्या दिवशी तो घेऊन सावंतवाडीला गेलो. तिथे लाकडी फळं आणि खेळणी कातणारे एक काका माझ्या ओळखीचे आहेत. लेथवर उभं आयुष्य काढलंय, पण पूलचं टेबल त्यांनी कधी पाहिलेलं नाही. शाफ्ट डोळ्यासमोर धरून त्यांनी तो बोटांत हळूहळू फिरवला आणि टोकापासून वीतभर अंतरावर नखाने एक रेघ दाखवली. लाकडाची नस तिथे सरळ न जाता तिरकी होऊन कडेने बाहेर पडत होती. “झाड मेला तरी लाकूड पाणी पिता, बाबा,” ते म्हणाले. “ह्या नीट सुकाच्या आदीच कातलेला.”

अमेरिकेत एकटा कारागीर स्वतःच्या हाताने क्यू बनवतो, तेव्हा साध्या क्यूलाही कित्येकशे डॉलर पडतात, आणि नक्षीकामाचा असेल तर हजारो. ५८ इंच लांबीची, पाचशे-सहाशे ग्रॅमची काठी ती. मला किमतीचा हा आकडा बरीच वर्षं कळत नव्हता. काकांच्या त्या एका वाक्यापासून तो उलगडायला लागला.

पावसाळ्यात दारं घट्ट होतात, कपाटाचे खण अडकतात आणि दिवाळीनंतर सगळं आपोआप सुटतं, हे कोकणात कुणाला सांगायला नको. लाकूड हवेशी पाण्याची देवाणघेवाण करत असतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल तर त्यात साधारण ११ टक्के पाणी टिकतं. आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली की ते २० टक्क्यांच्या आसपास पोचतं. पाणी तंतूंच्या भिंतींत शिरतं आणि तंतू जाड होतात. लांबीत मात्र ते जवळजवळ वाढत नाहीत.

शाफ्ट बहुधा हार्ड मेपल या अमेरिकी झाडाच्या कठीण लाकडाचा असतो. ओलं मेपल पूर्ण सुकवलं तर वाढीच्या वलयांना समांतर दिशेत ते सुमारे १० टक्के आकसतं, वलयांना छेदणाऱ्या दिशेत ५ टक्क्यांच्या आसपास, आणि लांबीत फार तर ०.२ टक्के. म्हणजे १३ मिलिमीटर जाडीचं गोल टोक ८ टक्के पाण्यावर कातलं आणि ते उघडंच १८ टक्क्यांपर्यंत भिजू दिलं, तर एका बाजूला ते अर्ध्या मिलिमीटरच्या जवळपास फुगेल, दुसऱ्या बाजूला त्याच्या निम्मं. गोल राहणार नाही, किंचित लंबगोल होईल. हे एकवेळ चालून जातं. घात करते ती तिरकी नस. जिथे तंतू तिरके आहेत तिथे जाडीतली वाढ थोडी लांबीतही उतरते. शाफ्टची एक बाजू लांबते, समोरची तशीच राहते, आणि काठी वाकते. माझ्या क्यूचं नेमकं हेच झालं होतं.

म्हणून चांगला क्यू करणारा कारागीर आधी लाकूड निवडतो, आणि निवडताना बरंच बाजूला टाकतो. नस या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ हवी, वलयं दाट हवीत, तपकिरी डाग नकोत. मग इंचभर जाडीचा चौकोनी तुकडा लेथवर चढतो, पण एका दमात कातला जात नाही. झाड वाढताना खोडात ताण साठलेले असतात: काही थर ओढलेले, काही दाबलेले, सगळे एकमेकांना तोलून धरणारे. वरचा थर काढला की तो तोल बिघडतो आणि आतला भाग नव्याने वळतो. म्हणून मिलिमीटर-दीड मिलिमीटर काढायचं आणि तुकडा आठवडे, कधी महिने, उभा टांगून ठेवायचा. त्याला वळायचं तेवढं वळू द्यायचं, मग नव्याने मध्य धरून पुढचा थर काढायचा. असं करत करत १३ मिलिमीटरवर यायला वर्ष जातं, कधी त्याहून जास्त. शेवटच्या फेरीत एखादा वळलाच, तर वर्षभर सांभाळलेला तुकडा चुलीत. क्यूच्या किमतीचा मोठा हिस्सा मला तरी इथे दिसतो: या थांबण्यात आणि टाकून दिलेल्या तुकड्यांत.

दुसरा हिस्सा मागच्या भागात, म्हणजे बटमध्ये असतो. जुन्या धाटणीच्या क्यूवर मुठीच्या पुढे काळ्या लाकडाचे चार लांब भाले मेपलमध्ये शिरलेले दिसतात. दुरून रंगवल्यासारखे वाटतात, पण ते जोडकाम आहे. मेपलमध्ये इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच पाडतात, ती अगदी मंद उताराने खोल होत जाते, आणि तिच्यात एबनीसारख्या लाकडाची पट्टी चिकटवून मग सगळं गोल कातून काढतात. समजा खाच ३०० मिलिमीटर लांबीत १० मिलिमीटर खोल जाते. म्हणजे उतार ३० ला १. आता एकच खाच ०.१ मिलिमीटरने, कागदाच्या जाडीएवढी, जास्त खोल झाली, तर त्या भाल्याचं टोक ३ मिलिमीटर पुढे सरकतं. चारही टोकं एका रेषेत आली नाहीत तर पाहणाऱ्याच्या डोळ्याला ते लगेच खुपतं. प्रत्येक भाल्याभोवती रंगीत लाकडाच्या पातळ पट्ट्यांचे तीन-चार थर असतील, तर ही कसोटी प्रत्येक थराला. शिंपल्याची नक्षीही तशीच. यंत्राचं गोल फिरणारं पातं आतला कोपरा किंचित गोलच ठेवतं. धारदार कोपरा हवा तर तो हाताने कोरावा लागतो. जाणकार माणूस भिंग लावून तोच कोपरा बघतो.

यातलं चेंडूला किती कळतं? फार थोडं. क्यूचं टोक चेंडूला चिकटून राहतं ते सुमारे एक सहस्रांश सेकंद. कडेला फटका मारला की चेंडू नेमाच्या रेषेपासून थोडा बाजूला सरकतो, आणि किती सरकणार हे शाफ्टच्या पुढच्या वीतभर भागाच्या वजनावर ठरतं, कारण तेवढ्या वेळात फटक्याची आडवी लहर लाकडात त्याहून मागे पोचतच नाही. बटमधल्या एबनीला, शिंपल्याला त्या फटक्यात जागा नाही. टोक हलकं ठेवलेला कारखान्यातला शाफ्ट या बाबतीत हातच्या कामाला मागे टाकू शकतो, आणि पैसे मोजण्याआधी हे माहीत असावं. फटक्याचा आवाज, हाताला येणारा कंप आणि तोल यांचं समाधान वेगळं. ते खेळणाऱ्याचं असतं आणि ते खरं असतं.

साहित्याची टंचाई हा आणखी एक भाग. पूर्वी टोकाशी हस्तिदंताची टोपी बसवत. आफ्रिकी हत्तीच्या दाताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९८९ मध्ये बंदीचा निर्णय झाला. २०१७ पासून डालबर्जिया या वृक्षवंशातल्या सगळ्या लाकडांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आलं. क्यूवाल्यांचं लाडकं कोकोबोलो त्यातलं, आणि आपला शिसवही त्यातलाच.

आणि शेवटी कारागिराचं नाव. जॉर्ज बालाबुश्का १९१२ साली रशियात जन्मला, लहानपणी अमेरिकेत आला, न्यूयॉर्कमध्ये मुलांची लाकडी खेळणी बनवत होता. १९५९ मध्ये त्याने क्यू करायला घेतले आणि १९७५ मध्ये तो वारला. त्याचे क्यू आता संग्राहक शोधत फिरतात. खेळणी कातणाऱ्या माणसाचा क्यू हे मी काकांना सांगितलं, तेव्हा त्यांना त्यात काही नवल वाटलं नाही.

माझा शाफ्ट त्यांनी सरळ करून दिला नाही. गरम करून, दाब देऊन सरळ करता येतो, पण पुढच्या पावसात पुन्हा वळेल, म्हणाले. मी आता त्यावर मेण लावतो, क्यू पिशवीत घालून आतल्या खोलीत उभा टांगतो आणि गाडीत कधी ठेवत नाही. पुढचा क्यू ऑगस्टमध्ये घेणार आहे. निम्मा पावसाळा दुकानात काढूनही जो टेबलावर सरळ घरंगळेल, तो.