मऊ बाहुलीची हस्तनिर्मित वेशभूषा व केशरचना

लवेच्या मऊ कापडाची आणि आत पॉलिएस्टरचा कापूस भरलेली बाहुली घेऊन तिच्यासाठी हाताने कपडे शिवणे, लोकरीचे किंवा सुताचे केस बसवणे आणि तिला एखाद्या व्यक्तीचे, गावाचे वा प्रसंगाचे रूप देणे, असे या हस्तकलेचे स्वरूप आहे. चिंधीची बाहुली आणि बाहुला-बाहुलीचे लग्न महाराष्ट्राला पूर्वापार परिचित आहे. अलीकडच्या काळात दक्षिण कोरियातील गायकवृंदांच्या चाहत्यांमुळे 10, 15 आणि 20 सेंटीमीटर उंचीच्या कापसाच्या बाहुल्या व त्यांचे बदलते पोशाख कोरियात आणि पुढे चीनमध्ये लोकप्रिय झाले.

सोलापूर या कलेला सामग्रीच्या दृष्टीने फार अनुकूल आहे. 1877 साली सुरू झालेल्या आणि ‘जुनी मिल’ म्हणून ओळखल्या गेलेल्या कापडगिरणीपासून या शहराचे जगणे सुताभोवती फिरत आले आहे. भौगोलिक मानांकन मिळालेली चादर, टेरी टॉवेल आणि शालेय गणवेशांची शिलाई यांमुळे कापडाचे तुकडे व कतरण येथे सहज मिळते. त्यातील सगळेच बाहुलीच्या कामाचे नसते. सोलापुरी चादर जाड असते, तिची नक्षी मोठी असते, त्यामुळे लहान अंगरख्यात अर्धेच फूल येते आणि शिवण फुगून राहते. तिची बाहुलीसाठी पिशवी किंवा बैठक करावी. गणवेशाचे पातळ पॉलिकॉटन मात्र उत्तम, कारण त्याची वीण घट्ट असते व कडा फारशा उसवत नाहीत.

मऊ बाहुलीचे शरीर माणसाच्या प्रमाणात नसते. डोके धडापेक्षा मोठे, मान जवळजवळ नसलेली, हात आखूड आणि पोट दाबले की आत जाणारे असते. माप घेताना टेप ओढून धरल्यास कापूस दबतो आणि शिवलेला कपडा पुढे घट्ट होतो. म्हणून टेप लवेवर नुसता टेकवावा. गळ्यातून डोके जात नसल्याने कपडा पुढून किंवा मागून पूर्ण उघडणारा हवा. बाही वेगळी लावण्यापेक्षा अंगासोबत एकसंध कापावी, म्हणजे मुंढ्याची अवघड शिवण टळते. माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेले कापड, अर्धा सेंटीमीटर पुरते; ती जास्त ठेवली तर एवढ्याशा बाहीत कापडाचा गोळा होतो.

या अडचणींचे सर्वांत समर्पक उत्तर सोलापूरच्याच एका जुन्या पोशाखात सापडते. मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत नंदीध्वज (उंच मानाच्या काठ्या) वाहणारे भक्त पांढरी बाराबंदी घालतात. हा अंगरखा पुढून उघडतो, त्याचे पल्ले एकमेकांवर येतात आणि ते बटणांऐवजी बंदांनी बांधले जातात. बंद सैल किंवा घट्ट करता येत असल्यामुळे कापूस बसून बाहुली बारीक झाली तरी कपडा अंगावर नीट राहतो, जे टिचबटणाला साधत नाही. चाळीस सेंटीमीटरच्या बाहुलीसाठी धुतलेली पांढरी मलमल घ्यावी, दोन्ही पल्ले मध्यरेषेच्या पुढे तीन-तीन सेंटीमीटर जातील असे कापावेत आणि आतल्या पल्ल्याचे बंद काखेजवळच्या शिवणीत आधीच अडकवावेत. कापड उलटवून इतके बारीक बंद करणे कठीण जाते. त्याऐवजी अरुंद सुती फीत वापरावी व तिची टोके काजटाक्याने बांधून घ्यावीत. बारा बंद लहान छातीवर दाटी करतात, म्हणून चार बंद बांधण्यासाठी आणि उरलेले शोभेसाठी ठेवणे अधिक शहाणपणाचे आहे.

साडीच्या बाबतीत निव्वळ गणित पुरत नाही. आठ मीटर लांब व सव्वा मीटरच्या आतबाहेर पन्ह्याची नऊवारी एक चतुर्थांश केली की दोन मीटर लांब व सुमारे तीस सेंटीमीटर पन्ह्याची पट्टी मिळते, परंतु कापडाची जाडी चौपटीने कमी होत नाही, आणि निऱ्या कमरेभोवती ढिगासारख्या साचतात. त्यामुळे निऱ्या निम्म्या करून, दुमडून, कमरपट्टीवर शिवून टाकाव्यात. इरकली साडीचा जुना काठ व खणाची बारीक बुट्टी या आकाराला शोभते. तांबडा रंग पांढऱ्या लवेवर उतरू शकतो, म्हणून असे कापड आधी स्वतंत्र धुवावे आणि आतून मलमलीचे अस्तर द्यावे.

केसांसाठी ॲक्रिलिक लोकर स्वस्त व हलकी पडते. पुठ्ठ्यावर लोकर गुंडाळून मधोमध शिवली की तीच भांगाची रेषा होते, आणि ती डोक्यावर उलट्या टिपेने बसवता येते. केवळ भांगाशी शिवलेले केस मागे उघडे पडतात. त्यासाठी मानेच्या रेषेवर लोकरीची दुसरी ओळ आधी लावावी. लोकरीचा पीळ सोडवून तारेच्या ब्रशने विंचरल्यास केस मोकळे दिसतात, मात्र ते इस्त्रीने सरळ करायचे असतील तर इस्त्री कोमट असावी व मध्ये सुती कापड ठेवावे, कारण ॲक्रिलिक व पॉलिएस्टर दोन्ही उष्णतेने वितळतात. अंबाडा किंवा खोपा घालायचा असेल तर काळे सूत लोकरीपेक्षा चांगले, कारण ते ताणले तरी परत फुगत नाही. बाहुलीचे मूळ केस लवेच्या कापडाचे असतील तर ते उसवावेत. वरून नवे केस लावल्यास डोके आणखी जड होऊन बाहुली पुढे कलंडते. डिंकाचा डाग लवेतून निघत नाही, त्यामुळे शिवणे हेच योग्य.

बाहुली लहान मुलाच्या हाती जाणार असेल तर मणी, टिकल्या व सुटे बंद टाळावेत. तीन वर्षांखालील मुलांसाठी डोळे भरतकामाचे असावेत आणि केस आखूड, घट्ट टाचलेले असावेत. विक्रीसाठी केलेल्या खेळण्यांना भारतात 1 जानेवारी 2021 पासून गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू आहे व त्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आवश्यक असते. विकास आयुक्त (हस्तशिल्प) यांच्याकडे नोंदणी केलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंना यातून सूट आहे.