पत्त्याची अचूकता (अंधांसाठीचं जीपीएस नेव्हिगेशन)

ॲपमध्ये टाकलेला पत्ता नकाशावर ज्या बिंदूवर जाऊन बसतो तो बिंदू खऱ्या दारापासून किती लांब आहे, त्याला पत्त्याची अचूकता म्हणतात. डोळस माणसाला शेवटचे वीस-तीस मीटर हा विषयच नसतो, पाटी दिसली, गेट दिसलं की तो वळतो. अंध माणसाला ॲप 'तुम्ही पोहोचलात' म्हणून गप्प झालं की पुढे पांढरी काठी आणि कान एवढंच राहतं, त्यामुळे त्याच्यासाठी अचूकता म्हणजे रस्त्याची बाजू कुठली, गेट कुठलं आणि ते गेट कुठल्या गल्लीत उघडतं.

यात दोन वेगळ्या चुका असतात आणि त्या कायम एकीत एक मिसळल्या जातात. एक उपग्रहाची, म्हणजे तुम्ही कुठे उभे आहात याची. मे २००० पर्यंत अमेरिका नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम चूक घालायची, तेव्हा ती शंभरेक मीटरपर्यंत जायची. आता मोकळ्या आकाशाखाली साध्या मोबाईलला साधारण ४.९ मीटर धरतात. दुसरी पत्त्याची, म्हणजे जिथं जायचंय ते घर नकाशात कुठे नोंदवलंय याची, आणि ही शेकडो मीटरचीही असू शकते. चर्चा बहुतेक पहिलीची होते, त्रास जास्त दुसरीचा आहे.

अंधांना वाट दाखवायला उपग्रह वापरावा ही कल्पना पहिल्यांदा कोणाची, यावर मतं वेगळी आहेत. १९८५च्या सुमारास अमेरिकेत कार्टर कॉलिन्स आणि जॅक लूमिस या दोन संशोधकांनी ती स्वतंत्रपणे मांडली असं सहसा मानतात. लूमिसचं टिपण तेव्हा छापलेलं नव्हतं, म्हणून छापील पुराव्याचाच आग्रह धरला तर कॉलिन्सचं नाव आधी घ्यावं लागतं. पण नुसती कल्पना आणि चालणारं यंत्र यात फरक आहे, आणि यंत्राच्या बाजूनं पाहिलं तर कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथल्या विद्यापीठातले लूमिस, रेजिनाल्ड गॉलेज आणि रॉबर्टा क्लाट्स्की यांच्या कामाला पहिलं स्थान देणं जास्त पटतं. गॉलेज स्वतः भूगोलाचे प्राध्यापक, १९८४ साली त्यांची दृष्टी गेली, म्हणजे नकाशा आणि अंधत्व दोन्ही आतून माहीत असलेला माणूस त्या गटात होता. त्यांचं यंत्र पाठीवरच्या पिशवीत वाहायचं होतं आणि ठिकाणाचं नाव ज्या दिशेला ठिकाण आहे त्याच दिशेनं कानात ऐकू यायचं. मात्र चाचण्या विद्यापीठाच्या आवारात झाल्या, त्या आवाराचा बारीक नकाशा हाताशी होता, त्यामुळे पत्ता चुकीचा असेल तर काय हा प्रश्न तिथं फारसा उभाच राहिला नसावा. पुढे २००२च्या आसपास ब्रेल यंत्रावर चालणारं ब्रेलनोट जीपीएस आलं, मग मोबाईलवरची ॲप्स: २०१२ साली ब्लाइंडस्क्वेअर, २०१८ साली मायक्रोसॉफ्टचं साउंडस्केप, जे २०२३च्या सुरुवातीला बंद करून त्याचा कोड सगळ्यांना खुला केला गेला. गुगल मॅप्सनं ऑक्टोबर २०१९ मध्ये चालणाऱ्या अंधांसाठी सविस्तर बोलती सूचना दिली, ती सुरुवातीला अमेरिकेत इंग्रजीत आणि जपानमध्ये जपानीत.

पत्त्यावरून बिंदू काढण्याला जिओकोडिंग म्हणतात. याची जुनी पद्धत अमेरिकन जनगणनेच्या नकाशांवर वाढली. रस्त्याच्या एका तुकड्यावर १०१ ते १९९ घरं असतील तर १५१ नंबर मध्यावर, आणि विषम आकडे एका बाजूला, सम दुसऱ्या. म्हणजे नंबरावरूनच बाजू कळते, अंध माणसाला जे हवं असतं नेमकं तेच. ही सगळी इमारत घरं रस्त्याच्या क्रमानं मोजलीत या एका गृहीतावर उभी आहे.

मराठवाड्यात हे गृहीत टिकत नाही. औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) जुन्या भागात किंवा नांदेडला घर नंबर तीन आकड्यांचा असतो, ४-१६-३२ अशा धाटणीचा. वॉर्ड, ब्लॉक, घर. हैदराबादेतही तसाच असतो, म्हणून ही पद्धत संस्थानी काळातली, १९४८च्या आधीची असावी असं धरायला हरकत नाही. तिसरा आकडा ब्लॉकमधल्या मोजणीचा, रस्त्याचा नाही, आणि मधे वाटण्या झाल्या, नवी बांधकामं झाली की शेजारशेजारच्या घरांचे नंबर एकमेकांपासून लांब जातात. संभाजीनगरच्या कडेला सातारा परिसर, देवळाईकडे तर पत्ता गट नंबरवर चालतो, आणि गट म्हणजे मुळात शेतजमिनीचा तुकडा, त्याच्यात आख्खी कॉलनी बसलेली असते. अशा ठिकाणी ॲपला घर सापडलं नाही की ते मुकाट्यानं कॉलनीचा किंवा पिनकोडच्या भागाचा मध्यबिंदू घेतं. वाईट वाटतं ते याचं की जिओकोडरला आपण किती ढोबळ उत्तर दिलं हे माहीत असतं, गुगलच्या सेवेत छतापर्यंत, अंदाजानं, मध्यबिंदू, ढोबळ असे चार दर्जे उत्तरासोबतच येतात, पण ते कानापर्यंत पोहोचत नाहीत. दारापर्यंत नेतानाचा आवाज आणि कॉलनीच्या मधोमध सोडतानाचा आवाज एकच, तितकाच खात्रीचा.

याच शहरातले सिडकोचे एन-१ पासूनचे सेक्टर आखीव आहेत, तिथं तरी नीट चालेल असं वाटतं. एन-११, एन-१२ कडची, लोक ज्याला हडको म्हणतात तिथली रो-हाउसची ओळ घ्या. घर नकाशात बरोबर आहे, बिंदू छतावर आहे, पण ॲप बिंदूला सगळ्यात जवळचा रस्ता धरतं आणि तो निघतो मागचा बोळ. माणूस तिथं थांबतो, काठी भिंतीला लागते, हात फिरवला तर मोरीचा पाइप लागतो, डोक्यावर कुलरचं पाणी ठिबकतंय, आतून मिक्सरचा आवाज येतोय. घर हाताच्या अंतरावर आणि दार पलीकडच्या गल्लीत, तिथं जायला सगळी ओळ वळसा घालून यायचं, आणि हे ॲप सांगत नाही कारण त्याच्या हिशोबानं प्रवास संपलेला आहे. मीटरमध्ये मोजली तर चूक जवळजवळ शून्य. म्हणून अचूकता नुसती अंतरात मोजू नये, चालण्याच्या वाटेत मोजावी.

दिशेचा प्रश्न लातूरच्या गंजगोलाईत सगळ्यात स्पष्ट होतो. तिथं १६ रस्ते येऊन मिळतात, म्हणजे दोन रस्त्यांत सरासरी साडेबावीस अंशांचं अंतर. उभ्या माणसाचं तोंड कुठे आहे हे जीपीएसला कळत नाही, ते मोबाईलमधल्या होकायंत्रावरून घेतात, आणि लोखंडी शटर, उभी वाहनं यांच्याजवळ होकायंत्र तेवढं सहज फिरतं. थोडं चालल्यावर दिशा सुधारते, पण तोवर शेजारचा रस्ता लागलेला असू शकतो.

इकडं पत्ता सांगतात तो खुणेचा: 'टाकीच्या मागल्या गल्लीत, मारुतीच्या समोर, तिसरं गेट.' माणसाला हे पुरतं, ॲप पिन टाकीवरच टाकतं. शिवाजीनगर नावाच्या वस्त्या तर अनेक गावांत, आणि जुन्या कागदांवर उस्मानाबाद, नव्यावर धाराशिव.

मे २०२५ मध्ये टपाल खात्यानं डिजिपिन आणला, म्हणजे जागेचा १० अक्षर-अंकांचा कोड, साधारण ४ बाय ४ मीटरच्या चौकोनाचा. घर नंबरच्या गोंधळातून सुटायला ही चांगलीच सोय आहे. पण मोबाईलची स्वतःची चूकच ४.९ मीटर असेल तर उभ्या जागी काढलेला कोड शेजारच्या चौकोनाचा येऊ शकतो, आणि कोड दाराशी उभं राहून काढला की हॉलमध्ये बसून, हे कोडावरून कळत नाही. अंध व्यक्तीला द्यायचा कोड गेटच्या बाहेर, उघड्यावर, मिनिटभर थांबून काढावा. रोजच्या जागांसाठी एकदा कोणाला तरी सोबत घेऊन दाराशीच पॉइंट सेव्ह करून ठेवणं सध्या सगळ्यात भरवशाचं.

तांडे, शेतवस्त्या यांच्याबाबत नकाशात फार काही नसतं. पत्ता मु. पो., ता., जि. इथं संपतो, पिन गावाच्या मध्यावर पडतो, पुढचं घर पोस्टमनला माहीत.