धातू जवळ हवा, पण किती जवळ?

पेशीतलं एखादं प्रथिन बघायचं तर त्याला चमकणारा रंगरेणू चिकटवायचा आणि त्यावर लेसर टाकायचा, ही पद्धत आता रुळलेली आहे. तिच्या अडचणीही जुन्याच. रेणू मोजके असले की उजेड तोकडा पडतो, लेसर वाढवला की रंग विटतो, आणि पेशीची स्वतःची चमक मध्येच लुडबुडते. यावर चांदी-सोन्याचे नॅनोकण हा उतारा ठरेल, असं सहज सुचण्यासारखं नव्हतं. कारण धातूला टेकलेला रंगरेणू आपली ऊर्जा त्यालाच देऊन विझतो.

१९७० च्या सुमारास जर्मन शास्त्रज्ञ कार्ल ड्रेक्सहागे यांनी आरशावर मेदाम्लाचे एकेका रेणूच्या जाडीचे थर चढवले आणि वर युरोपियमचं चमकणारं संयुग ठेवलं. थर वाढत गेले तसा चमक टिकण्याचा काळ कधी वाढला, कधी घटला. रेणू किती वेगाने उजेड सोडणार, हे शेजारी कोण आहे यावरही ठरतं! अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्ये रेडिओ लहरींबाबत हेच मांडलं होतं.

१९७४ मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनला खरखरीत चांदीवरच्या पिरिडिन या सेंद्रिय द्रव्याचा रामन संकेत, म्हणजे रेणूंनी रंग बदलून विखुरलेला एरवी क्षीण असणारा प्रकाश, फारच ठळक मिळाला. पृष्ठभाग वाढला, रेणू जास्त मावले, एवढाच अर्थ तेव्हा लावला गेला. तेवढ्याने हिशेब जुळत नाही, हे १९७७ मध्ये कळलं. प्रकाश पडला की धातूतले इलेक्ट्रॉन एकसाथ डोलतात आणि कणाच्या अगदी लगत प्रकाशाचा जोर वाढतो.

पेशींच्या अभ्यासकांपर्यंत हे सगळं पोचवलं मेरिलँड विद्यापीठातल्या जोसेफ लाकोविझ यांनी, २००१ पासून. त्यांचा मुद्दा नुसत्या जास्त उजेडाचा नव्हता. चांदीजवळ, पण तिला न टेकता, रेणू ऊर्जा उजेडाच्या रूपात पटकन सोडून मोकळा होतो. उत्तेजित अवस्थेत कमी वेळ राहिल्यामुळे रासायनिक मोडतोड कमी होते आणि रंग जास्त टिकतो. मला या साऱ्या गोष्टीतली खरी कल्पकता इथेच दिसते.

२००६ मध्ये दोन गटांनी सोन्याचा एकच कण एकाच रेणूजवळ सरकवत नेला. चमक आधी वाढली, कण टेकायला आला तशी मावळली. म्हणूनच कणांवर काचेसारख्या सिलिकाचं पातळ कवच चढवतात. त्याने नेमकं अंतर राखलं जातं, शिवाय चांदी थेट पेशीला लागत नाही.

२००९ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात चमकेत १३४० पट वाढ मिळाली. आकड्याने हुरळून जायला नको: तो रंग मुळातच मंद होता, आणि प्रयोग पेशीत नव्हे, सपाट पृष्ठभागावरच्या सोन्याच्या दोन त्रिकोणांमधल्या फटीत झाला होता.