पार्श्वभूमी : डोस वाढवायचा की कमी करायचा?

रोपण केलेली किडनी पाच-सात वर्षं नीट चालते आणि मग क्रिएटिनिन (किडनीने गाळून टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ) हळूहळू चढू लागतं. अशा वेळी रिजेक्शन, म्हणजे परक्या किडनीवरचा शरीराचा हल्ला, रोखण्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारं औषध वाढवायचं की उतरवायचं, हा प्रश्न सायक्लोस्पोरिन या औषधाबरोबर आला आणि अजून सुटलेला नाही.

त्याआधी निवडीला वावच फारसा नव्हता. 1954 ची यशस्वी किडनी एकसारख्या जुळ्या भावाची होती, म्हणून टिकली. पुढे संपूर्ण शरीराला किरणोपचार देऊन पाहिले, पण त्यात बहुतेक रुग्ण जंतुसंसर्गाने दगावले. 1960 च्या दशकात ॲझाथायोप्रिन आणि स्टेरॉइड ही औषधांची जोडी आली. तरीही मृत दात्याच्या निम्म्याच्या आसपास किडन्या वर्षभरात हातच्या जात.

नॉर्वेतल्या मातीतल्या बुरशीपासून मिळालेलं सायक्लोस्पोरिन 1983 मध्ये अमेरिकेत मान्य झालं आणि वर्षभर टिकणाऱ्या किडन्या ऐंशी टक्क्यांच्या घरात गेल्या. मात्र हेच औषध किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसवतं. जिला वाचवायचं तिलाच ते इजा करतं. नंतर आलेल्या टॅक्रोलिमसचाही हाच दोष.

खरा घोळ झाला तो बायोप्सीच्या रिपोर्टवर. सुईने काढलेल्या दोऱ्याएवढ्या तुकड्यात सुकलेल्या नलिका आणि मधल्या जागेत साचलेले तंतू दिसतात. याला औषध कारणीभूत असेल, रक्तदाब असेल, दात्याचं वय असेल किंवा प्रतिकारशक्तीचा संथ हल्ला. पूर्वी या सगळ्याला सरसकट 'क्रॉनिक रिजेक्शन' म्हणत. ते चूक होतं, म्हणून 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तज्ज्ञांनी 'क्रॉनिक ॲलोग्राफ्ट नेफ्रोपॅथी' (रोपित किडनीचा जुनाट बिघाड) असं तटस्थ नाव दिलं. हेतू चांगला होता, परिणाम वाईट झाला. ते खरं तर फक्त वर्णन होतं, पण रिपोर्टवर उमटलं की निदान झालं असं समजून पुढचा शोध थांबे. त्यात 2003 च्या एका अभ्यासात दहा वर्षांनी जवळपास प्रत्येक किडनीत औषधाच्या इजेच्या खुणा आढळल्या आणि बोट औषधाकडेच वळलं. डोस उतरवण्याकडे कल वाढला.

दरम्यान प्रयोगशाळेत वेगळंच दिसू लागलं होतं. विशिष्ट रंग दिलेल्या स्लाइडवर केशवाहिन्यांच्या कडेने सी4डी या प्रथिनाची रेघ उमटे. दात्याच्या पेशींविरुद्ध तयार झालेल्या अँटिबॉडी तिथे काम करत असल्याची ती खूण. म्हणजे 'औषधाने बिघडलेल्या' कितीतरी किडन्यांवर प्रत्यक्षात रिजेक्शनच चालू होतं, आणि त्यांचंच औषध कमी केलं जात होतं. 'क्रॉनिक ॲलोग्राफ्ट नेफ्रोपॅथी' हे नाव अखेर 2007 मध्ये छापलेल्या, बायोप्सी वाचण्याच्या वर्गीकरणातून वगळलं गेलं. फार उशीर झाला, असंच म्हणावं लागतं.

त्याच वर्षी सोळाशेहून अधिक रुग्णांवरच्या चाचणीत कमी डोसचं टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट (प्रतिकारशक्ती दाबणारं आणखी एक औषध) आणि स्टेरॉइड ही सांगड सर्वांत सरस ठरली, आणि आज बहुतेक ठिकाणी तीच चालते. पण 'कमी' म्हणजे किती, यावर एकमत नाही. सकाळची गोळी घेण्याआधी काढलेल्या रक्तातली औषधाची पातळी फार खाली गेली की नव्या अँटिबॉडी तयार होण्याची भीती, वर गेली की प्रतिकारशक्ती फार दबते, एरवी सुप्त राहणारा बीके विषाणू त्याच किडनीत डोकं वर काढतो आणि डोस उतरवावाच लागतो. वाढलेलं क्रिएटिनिन दोन्ही वेळा सारखंच दिसतं. म्हणून बायोप्सीआधी डोसला हात लावायला अनुभवी डॉक्टर कचरतात.